भिंत पाडण्याआधी

२५ जुलै २०१७ रोजी सकाळी मुंबईत घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातली एक चार मजली इमारत कोसळली. १७ माणसं गेली. तळमजल्यावर पूर्वी रुग्णालय होतं. ते बंद झालं होतं आणि त्या जागेत नूतनीकरण चाललं होतं. त्या कामात इमारतीच्या खांबांना हात लावला गेला, असा वाचलेल्या रहिवाशांचा आरोप होता. त्याआधी २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडजवळची महापालिका कर्मचाऱ्यांच्या निवासाची इमारत पडली आणि ६१ जणांचा जीव गेला. तिथेही तळमजल्यावरच्या गोदामात केलेल्या फेरफारांकडे बोट गेलं. त्याही आधी, जुलै २००७ मध्ये, बोरिवलीची ‘लक्ष्मी छाया’ ही सात मजली इमारत जमीनदोस्त झाली. त्याही वेळी तळमजल्यावरच्या दुकानात काम सुरू होतं.

या तिन्ही घटनांमध्ये मेलेल्या बहुतेक माणसांचा त्या कामाशी काही संबंध नव्हता. कोणी स्वयंपाक करत होतं, कोणी झोपलेलं होतं. काम खालच्या मजल्यावर, दुसऱ्याच कुणाच्या जागेत, दुसऱ्याच कुणाच्या पैशातून चाललेलं होतं.

सुदैवाने घरदुरुस्तीची बहुतेक कामं अशी संपत नाहीत. ती भांडणात संपतात. अर्धवट बाथरूम, फोन न उचलणारा ठेकेदार, पैसे अडकलेला मिस्त्री, खालच्या मजल्यावर छताला आलेली ओल आणि जिन्यात एकमेकांकडे न बघणारी दोन कुटुंबं. इमारतीची सुरक्षितता आणि कारागिरांशी होणारी भांडणं हे आपण दोन वेगळे विषय समजतो. माझ्या मते दोन्हींचं मूळ एक आहे. जुनं घर उघडल्यावर आत काय निघेल हे आधी कुणालाच पुरतं माहीत नसतं, आणि ते निघाल्यावर निर्णय कोणी घ्यायचा, त्याचे पैसे कोणी द्यायचे, हे ठरलेलं नसतं. मग त्या क्षणी ज्याच्या हातात ब्रेकर असतो तोच ठरवून मोकळा होतो.

यादी आणि आकडा

उदाहरणासाठी एक घर घेऊ. ठाणे-डोंबिवली पट्ट्यातली १९८५च्या सुमाराची तळ अधिक तीन मजल्यांची इमारत, त्यातला दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. मुलाचं लग्न ठरलंय. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत काढून ओपन किचन करायचं, बाल्कनी आत घ्यायची, संडास-बाथरूम नव्याने करायचं, जुन्या फरशीवर व्हिट्रिफाइड टाइल्स घालायच्या, वायरिंग बदलायचं. ठेकेदार येतो, घरातून एक फेरी मारतो, वहीच्या पानावर लाखांतला एक आकडा लिहून देतो. “काका, टेन्शन घेऊ नका, होऊन जाईल.” दिवाळीआधी ताबा हवा, एवढीच अट दोन्हीकडून बोलली जाते.

हे घर मी रचलेलं आहे, पण ही यादी दर वर्षी हजारो घरांत लिहिली जाते. तिच्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ इमारतीच्या हाडांपर्यंत पोचते, आणि वहीतल्या त्या आकड्यात याचा कुठेही उल्लेख नसतो.

कोणती भिंत काय करते

पहिला प्रश्न त्या मधल्या भिंतीचा. आपल्या शहरांमधल्या घरांचे ढोबळमानाने चार प्रकार आहेत, आणि प्रत्येकात भिंत म्हणजे वेगळी गोष्ट असते.

जुन्या चाळी आणि वाडे लाकडी सांगाड्यावर उभे आहेत: सागवानी खांब, तुळया, कड्या. इथला शत्रू पाणी. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक वर्षानुवर्षं ओल पीत राहतं आणि आतून कुजतं, बाहेरून मात्र धडधाकट दिसतं. अशा घरात कोपऱ्यातल्या मोरीची जागा वाढवून तिथे संडास-बाथरूम केलं, खाली विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा भरला, की त्या कड्यांवर कधीच न मोजलेलं वजन आणि रोजचं पाणी दोन्ही एकदम येतात.

दुसरा प्रकार भारवाहक भिंतींच्या इमारतींचा. तीन-चार मजल्यांपर्यंतच्या अनेक जुन्या सोसायट्या अशा आहेत. इथे खांब नसतातच. स्लॅबचा भार नऊ इंची विटेच्या भिंतींवर येतो आणि भिंतीतूनच पायापर्यंत जातो. दुसऱ्या मजल्यावरची भिंत काढणं म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या पायाखालची जमीन काढणं.

तिसरा प्रकार कॉलम-बीमच्या सांगाड्याचा. इथे आतल्या साडेचार इंची भिंती बहुधा फक्त आडोशाच्या असतात. त्या काढता येतात, पण त्याही अगदीच निरुपयोगी नसतात. भूकंपात इमारत आडवी हलते तेव्हा या भिंती सांगाड्याला ताठपणा देतात. २६ जानेवारी २००१च्या भूज भूकंपात अहमदाबादमधल्या ज्या इमारती पडल्या त्यांतल्या अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा ठेवलेला होता. वर भिंती आणि खाली नुसते खांब, अशी ती रचना होती.

चौथा प्रकार गेल्या काही वर्षांतल्या टॉवरांचा. ॲल्युमिनियमच्या साच्यात स्लॅब आणि भिंती एकत्र ओतलेल्या असतात. लोक याला मिवान म्हणतात. इथे जवळजवळ प्रत्येक भिंत काँक्रीटची आणि भार वाहणारी असते. एसीच्या पाइपसाठी भोक पाडणं किंवा वायरसाठी झिरी मारणं हाही इथे इंजिनिअरला विचारून करायचा विषय आहे. नव्या घराला काय होतंय, या समजुतीने इथेच जास्त बेफिकिरी होते.

आपल्या घराचा प्रकार ओळखायला काही खुणा मदत करतात. तीच भिंत वरच्या आणि खालच्या मजल्यावर त्याच जागी आहे का, छताला बीमच्या रेषा दिसतात का, कोपऱ्यांत खांब पुढे आलेले आहेत का. भिंतीच्या जाडीवरून मात्र खात्री होत नाही, कारण सांगाड्याच्या इमारतींतही बाहेरच्या भिंती जाड असतात. खात्री फक्त दोन गोष्टींनी होते: इमारतीचं स्ट्रक्चरल ड्रॉइंग आणि ते वाचू शकणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर. इंटिरिअर डिझायनर हा वेगळ्या कामाचा माणूस आहे आणि मिस्त्रीचा वीस वर्षांचा अनुभव ही वेगळी विद्या आहे. त्या अनुभवाचा मला मनापासून आदर आहे. पण भिंत ठोकून तिच्या आवाजावरून वरच्या दोन मजल्यांचा हिशोब मांडता येत नाही.

भारवाहक भिंतीत मोठं दार काढणं अशक्य नाही. त्याची रीत आहे. आधी दोन्ही बाजूंनी स्लॅबला टेकू द्यायचे, ते टेकू खालच्या मजल्यावरही उतरवायचे, मग टप्प्याटप्प्याने लोखंडी गर्डर किंवा आरसीसीचा बीम बसवायचा, त्याची दोन्ही टोकं मजबूत बैठकीवर टेकवायची, वरची फट घट्ट भरायची, ते काँक्रीट तयार होऊ द्यायचं आणि नंतरच खालची वीट काढायची. याला वेळ लागतो, पैसे लागतात आणि खालच्या शेजाऱ्याची परवानगी लागते. वहीतल्या आकड्यात यातलं काहीच धरलेलं नसतं, म्हणून ठेकेदार एका दुपारी भिंत पाडून मोकळा होतो.

वजन, लोखंड आणि पाणी

यादीतली दुसरी ओळ बाल्कनीची. बाहेर झेपावलेल्या बाल्कनीत मुख्य सळ्या स्लॅबच्या वरच्या बाजूला असतात. हात लांब करून पाण्याची बादली धरली की ताण खांद्याच्या वरच्या बाजूला जाणवतो, तसंच. खोलीच्या स्लॅबमध्ये मधल्या भागात मुख्य लोखंड खाली असतं, इथे वर. आता बाल्कनी आत घ्यायची म्हणून हॉल आणि बाल्कनी एका पातळीत आणायला मिस्त्री बाल्कनीची फरशी आणि खालचा थर ब्रेकरने खरवडतो. ब्रेकर थेट त्या सळ्यांवर जातो. वर आणखी कठड्यावर विटांची भिंत चढते, म्हणजे सगळ्यात नाजूक टोकावर सगळ्यात जास्त वजन. साडेचार इंची विटेची दहा फूट उंच भिंत, प्लास्टर सोडूनही, दर मीटर लांबीला सहाशे-साडेसहाशे किलो भरते. हलक्या एएसी ब्लॉकची तेवढीच भिंत साधारण त्याच्या एक तृतीयांश वजनात होते. पण वापरायचं काय, हा निर्णय बहुतेक साइटवर दारात काय स्वस्त येऊन पडलंय त्यावर होतो.

आणखी एक ओळ, फरशीवर फरशी. धूळ नको, डेब्रिज उतरवायचा खर्च नको म्हणून हा मार्ग लोकप्रिय आहे. चार सेंटिमीटर माल आणि त्यावर एक सेंटिमीटरची टाइल धरली तर दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो वाढतात. राहत्या खोलीत माणसं, फर्निचर, सामान यांसाठी भारतीय मानकांनी धरलेला भार दर चौरस मीटरला साधारण २०० किलो आहे. म्हणजे खोलीत एकही खुर्ची न ठेवता त्यातला निम्मा वाटा आपण खर्च केला. दीडशे चौरस फुटांच्या हॉलवर हे जवळजवळ दीड टन वजन कायमचं जाऊन बसतं. आणि वरच्या, खालच्या सगळ्यांनीच हे केलं तर ते सगळं अखेर त्याच खांबांतून खाली उतरतं.

शेवटची ओळ वायरिंगची. विटेच्या भिंतीत झिरी मारणं ठीक, पण बोर्डाची जागा बीमच्या खाली किंवा कॉलमवर आली की इलेक्ट्रिशियन कटर त्यांवरूनच नेतो. कॉलमवर लोखंडाबाहेर काँक्रीटचं आवरण किमान ४० मिलिमीटर असावं असं काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस ४५६, सांगतं. जुन्या बांधकामात ते बरेचदा कमीच निघतं. इंचभर खोल झिरी त्या आवरणाची बहुतेक जाडी संपवते आणि कधी आतली रिंगही कापते.

आता बाथरूमच्या ओळीखाली दडलेली, यादीत नसलेली ओळ. बाथरूमची जुनी फरशी निघते, कोबा निघतो, आणि खालचा स्लॅब उघडा पडतो. सळ्या तांबूस, सुटलेल्या, काही ठिकाणी बोटाने पापुद्रे निघतील अशा. यामागचं शास्त्र साधं आहे. ताजं काँक्रीट खूप क्षारीय असतं आणि त्यामुळे लोखंडावर गंजरोधक पापुद्रा टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो, ती क्षारता उतरते, ओल मिळते आणि लोखंड गंजू लागतं. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढतं. त्या दाबाने काँक्रीट आतून फुटतं आणि खालच्या घरातल्या छताची खपली पडते. समुद्राकाठच्या शहरांत खाऱ्या हवेमुळे हे लवकर घडतं.

या क्षणी काम थांबायला हवं. गंजलेल्या सळ्यांमागचं सैल काँक्रीट काढून, गंज घासून, सळी किती झिजली ते मोजून, लागेल तिथे नवी सळी जोडून, संरक्षक लेप देऊन, पॉलिमरयुक्त मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीटने ती जागा भरली पाहिजे, आणि तोवर खाली टेकू पाहिजेत. प्रत्यक्षात काय होतं? वॉटरप्रूफिंगवाला दुसऱ्या दिवशी येणार असतो, टाइल्स जिन्यात येऊन पडलेल्या असतात, घरमालक नातेवाइकांकडे राहत असतो. मिस्त्री सिमेंटची लापशी फासतो आणि गंज झाकतो. त्यातला कुणी दुष्ट नसतो. त्या सगळ्यांकडे त्या दिवशी थांबण्याचे पैसे नसतात, एवढंच.

माणसं कुठून येतात, पैसे कसे फिरतात

घराच्या कामाला येणाऱ्या माणसांबद्दल आपण फार वरवरचं बोलतो. मुंबई-पुण्याच्या साइटवर टाइल्सचा आणि फर्निचरचा कारागीर राजस्थान किंवा उत्तर प्रदेशचा, पीओपीवाला बंगालचा, प्लंबर ओडिशाचा असणं नेहमीचं आहे. ओडिशातला केंद्रपाडा जिल्हा तर देशभर प्लंबर पुरवण्यासाठी ओळखला जातो. तिथल्या पट्टामुंडईला या कामाचं शिक्षण देणारी सरकारी संस्थाही आहे. बिगारी काम करणारी जोडपी मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर कर्नाटकातून नाक्यावर येऊन उभी राहतात. होळीला, छठला, पेरणीला ही माणसं गावी जातात. “कारागीर गावाला गेलाय” हे कारण ऐकून घरमालक चिडतो, पण ते बहुतेक वेळा खरं असतं आणि वर्षाच्या सुरुवातीलाच सांगता येण्यासारखं असतं.

भांडणाचं पहिलं कारण पैशाची साखळी. ती अशी: घरमालक ठेकेदाराला देतो, ठेकेदार पेटी कॉन्ट्रॅक्टरला, तो मिस्त्रीला, मिस्त्री बिगाऱ्याला. काम दोन तऱ्हेने ठरतं, उक्तं किंवा रोजंदारीवर. उक्त्या कामात घाई कारागिराच्या फायद्याची, रोजंदारीत सावकाशी. आठवड्याच्या शेवटी हिशोब होतो आणि मधे उचल घेतली जाते. ठेकेदाराकडे एका वेळी चार-पाच साइट असतात. तुमचा ॲडव्हान्स तो आधीच्या साइटवरच्या मिस्त्रीची थकबाकी भागवायला वापरतो आणि तुमच्या मिस्त्रीचा हप्ता पुढच्या गिऱ्हाइकाच्या ॲडव्हान्समधून येणार असतो. पुढचं गिऱ्हाईक लांबलं की तुमचं काम थांबतं. म्हणून सुरुवातीला मोठी रक्कम देणं हे उपकारही नसतात आणि शहाणपणही नसतं. त्या पैशाने तुमच्या घराची एक वीटही हलत नाही.

भांडणाचं दुसरं मोठं कारण मापाचं. प्लास्टर आणि रंगाचे दर चौरस फुटावर ठरतात, पण दार-खिडकीची जागा वजा करायची की नाही, हे ठरत नाही. मालकाच्या मते न केलेल्या कामाचे पैसे का द्यायचे. कारागिराच्या मते खिडकीच्या कडा काढायला सपाट भिंतीपेक्षा जास्त वेळ जातो. दोघांचंही म्हणणं खरं आहे, म्हणूनच भारतीय मानकाने, आयएस १२००ने, यावर मध्यम मार्ग लिहून ठेवला आहे. प्लास्टरच्या मापात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची जागा वजा करायची नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूची वजावट करायची आणि कडांचं माप वेगळं धरायचं नाही. त्याहून मोठी जागा दोन्ही बाजूंनी वजा करायची आणि कडा मोजून मिळवायच्या. “माप आयएस १२०० प्रमाणे” हे शब्द दरपत्रकात घातले तर शेवटच्या दिवशीची अर्धी वादावादी संपते.

तिसरं कारण दोन कारागिरांच्या मधल्या जोडाचं. बाथरूममधली गळती बहुतेक वेळा सपाट भागातून होत नाही. ती नहाणी ट्रॅपभोवती, पाइप स्लॅबमधून जातो तिथे, भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात होते. ट्रॅप प्लंबर बसवतो, त्याभोवतीचा माल मिस्त्री भरतो, त्यावरचा लेप वॉटरप्रूफिंगवाला देतो, टाइल्सवाला उतार काढतो. खाली पाणी दिसलं की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. त्या जोडाची जबाबदारी कोणावरच लिहिलेली नसते. टाइल्स लागण्याआधी पाइपांत दाब देऊन तपासणी केली आणि वॉटरप्रूफिंगनंतर बाथरूममध्ये किमान ४८ तास पाणी साठवून खालच्या घरात जाऊन छत पाहिलं, तर दोष कुणाचा हे त्याच वेळी समजतं. टाइल्स लागल्यानंतर ते शोधायला सगळं पुन्हा फोडावं लागतं.

आणि चौथं, घाई. गणपतीआधी, दिवाळीआधी, लग्नाआधी. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस पाणी मारत राहा, असं आयएस ४५६ सांगतं. आज बाजारात मिळणारं बरंचसं सिमेंट मिश्र प्रकारचंच असतं. हे दहा दिवस कुणाच्याच वेळापत्रकात नसतात, कारण त्या दिवसांत काही घडताना दिसत नाही.

कागद

कामाच्या अटींचा एक कागद लिहायला एक संध्याकाळ जाते. ती न दिल्यामुळे पुढे महिने जातात. या कागदात वकिली भाषा नको, साध्या मराठीत किंवा कारागिराला वाचता येईल त्या भाषेत चार गोष्टी पुरतात.

पहिली, कामाची खोलीवार यादी: काय करायचं, कोणत्या मालाने, माल कोण आणणार, डेब्रिज कोण उतरवणार. दुसरी, दर आणि मापाची पद्धत. तिसरी, पैशाचे टप्पे तारखांशी न बांधता कामाशी बांधायचे. तोडफोड पूर्ण, पाइपची दाबचाचणी पार, पाणी साठवण्याची चाचणी पार, टाइल्स पूर्ण, असे. पाच ते दहा टक्के रक्कम शेवटपर्यंत राखायची आणि वॉटरप्रूफिंगचा काही भाग एक पावसाळा गेल्यावर द्यायचा.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि ती जवळजवळ कधीच लिहिली जात नाही: आत निघणाऱ्या अनपेक्षित कामाचं काय. गंजलेली सळी, कुजलेली तुळई, जुना फुटका पाइप, पोकळ प्लास्टर यांच्या दुरुस्तीचे दर आधीच ठरवून ठेवायचे. त्यासाठी एकूण खर्चाच्या दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवायची. आणि असं काही निघालं की काम त्या जागी थांबेल, फोटो काढला जाईल, इंजिनिअर पाहील, दर दोघांनाही मान्य होईल, मगच हात लागेल, असं लिहायचं. मिस्त्रीचा त्या दिवशीचा रोज बुडणार नाही, हेही त्यात लिहायचं. ज्याला थांबल्याबद्दल दंड बसतो तो लपवणारच. थांबण्याचे पैसे मिळणार असतील तर तोच कारागीर मालकाला हाक मारून दाखवेल, “साहेब, हे बघून घ्या.”

साइटवरच्या माणसांची काळजीही या कागदाचाच भाग आहे. बाहेरून काम असेल तर धड बांधलेली परांची, सुरक्षापट्टा, ब्रेकर चालवणाऱ्याला मास्क आणि चष्मा, सॉकेटमध्ये काडीपेटीच्या काड्या खुपसून घेतलेल्या उघड्या वायरींऐवजी नीट प्लग आणि शॉक लागताच वीज तोडणारा आरसीसीबी. घर आपलं असल्यामुळे त्यातला अपघातही आपल्या दारातला असतो.

परवानगी म्हणजे अडथळा नाही

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८च्या कलम ३४२ खाली इमारतीत फेरफार करण्याआधी पालिकेला कळवावं लागतं. रंग, प्लास्टर, फरशी बदलणं अशी किरकोळ दुरुस्ती त्यातून सुटते, पण खांब, बीम, स्लॅब, भारवाहक भिंत यांना हात लावणं सुटत नाही. राज्यभर १९६६चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम लागू आहे. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार समितीच्या लेखी परवानगीशिवाय सदनिकेत फेरफार करता येत नाहीत. त्याच उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायला सांगितलं आहे.

बऱ्याच सोसायट्यांमध्ये ही परवानगी म्हणजे अनामत रक्कम, कामाच्या वेळा आणि लिफ्ट खराब न करण्याची हमी एवढीच उरली आहे. समितीने मागायचा मुख्य कागद म्हणजे काय काय तोडणार याचा नकाशा आणि त्यावर इंजिनिअरची सही. ड्रॉइंग सापडत नसेल तर पालिकेच्या दप्तरात मागावं, माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. तरी मिळालं नाही तर कव्हर मीटर (सळ्या शोधणारं यंत्र) आणि रिबाउंड हॅमर (काँक्रीटचा कठीणपणा मोजणारं यंत्र) यांच्या चाचण्या करून इंजिनिअर सांगाड्याचा अंदाज बांधू शकतो. नव्या इमारतींच्या बाबतीत रेरा या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १७ नुसार भोगवटा प्रमाणपत्रानंतर बिल्डरने कागदपत्रं आणि नकाशे सोसायटीकडे सोपवायचे असतात. ते मागून घ्यावेत. त्याच कायद्याच्या कलम १४ खाली ताब्यापासून पाच वर्षांपर्यंतचे बांधकामातले दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. आपणच आत तोडफोड केलेली असेल तर मात्र हा हक्क सांगताना वाद होतो.

भांडण झालंच तर

सगळं करूनही वाद होतो. तेव्हा पहिलं काम आवाज चढवण्याचं नाही, मोजण्याचं आहे. दोघांनी एकत्र टेप धरून झालेल्या कामाचं माप लिहायचं, फोटो काढायचे, दोघांनी सही करायची. सही नाकारली तर तेच माप मेसेजवर पाठवायचं. दोष आहे की नाही यावर मतभेद असेल तर दोघांना चालेल असा तिसरा इंजिनिअर बोलवायचा. त्याची फी दोघांनी निम्मी भरली की त्याच्या मताला वजन येतं.

कारागिराची हत्यारं अडकवून ठेवू नयेत. पैशाचा वाद असला तरी त्याची रोजीरोटी ताब्यात घेण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. तसंच काम सोडून देताना लावलेले नळ उपसून नेण्याचा हक्क ठेकेदारालाही नाही. वापरलेलं, उपयोगी पडलेलं काम लेखी करार नसतानाही फुकट ठरत नाही. भारतीय करार अधिनियम १८७२चं कलम ७० हेच सांगतं. फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. झालेल्या कामाच्या पैशासाठी दावा करायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. निकृष्ट कामाची भरपाई त्याच कायद्याच्या कलम ७३ खाली मागता येते.

घरमालकासाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा मार्ग आहे. ठरलेल्या कामातली त्रुटी ही सेवेतली त्रुटी मानली जाते. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, आपण राहतो तिथल्या आयोगात जाता येतं. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पण आयोगापुढे काय ठेवणार? पुन्हा तोच कागद, तीच मापं, तेच फोटो. ज्याच्याकडे ते नाहीत त्याच्या बाजूने सत्य असूनही पुरावा नसतो.

शेजाऱ्यांच्या वादालाही हेच लागू आहे. पावसाचं पाणी आणि सामाईक पाइपची गळती सोसायटीच्या खर्चाची, घरातल्या बाथरूमची गळती त्या सदस्याची, हे उपविधींत स्पष्ट आहे. पण पाणी कुठून येतंय हे न शोधता दोन मजले वर्षभर भांडतात. ट्रॅपमध्ये रंगीत पाणी ओतून पाहणं, पाइपची दाबचाचणी करणं या साध्या परीक्षांनी बरंच काही उलगडतं. वरच्या घराने खालच्या माणसाला तपासायला घरात बोलवावं, खालच्याने छत उघडू द्यावं. दुरुस्तीआधी दोन्ही घरांच्या भिंती-छतांचे फोटो काढून ठेवावेत, म्हणजे नवी भेग आणि जुनी भेग यांत गल्लत होत नाही.

दोन माणसांना बोलवायचं

घर ही आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी असते आणि ते आपल्या मनासारखं करून घेण्याची इच्छा अगदी रास्त आहे. पण बहुमजली इमारतीत आपल्या नावावर असते ती आतली पोकळी. तिला धरून ठेवणारे खांब, बीम आणि स्लॅब वरच्या-खालच्या सगळ्यांचे असतात. म्हणून सोसायटीच्या दप्तरात स्ट्रक्चरल ड्रॉइंगची प्रत आणि प्रत्येक घरात झालेल्या फेरफारांची नोंदवही असलीच पाहिजे. पन्नास घरांनी वीस वर्षांत काय काय काढलं आणि काय काय लादलं, हे आज एकाही माणसाला ठाऊक नसतं. पुढचा इंजिनिअर तपासणीला येईल तेव्हा त्याला ही वही मिळाली, तर अंदाजाच्या जागी माहिती असेल.

पुढच्या दिवाळीआधी ज्यांच्या घरात हातोडा पडणार आहे त्यांनी टाइल्सच्या दुकानात जाण्याआधी दोन माणसांना घरी बोलवावं. एक, या इमारतीशी काही घेणं-देणं नसलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर. त्याची फी एकूण खर्चात छोटी असते आणि तो ज्या गोष्टीला “नाही” म्हणेल तिची किंमत खूप मोठी असते. दुसरा, प्रत्यक्ष काम करणारा मिस्त्री, नुसता ठेकेदार नव्हे. तिघांनी मिळून घर फिरावं, भिंतींवर खडूने खुणा कराव्यात, आत काय निघू शकेल ते बोलावं आणि निघालं तर कोण काय करेल ते लिहावं. मग कारागिराला लपवायचं कारण उरत नाही, मालकाला संशय घ्यायचं कारण उरत नाही, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा विचार काम सुरू होण्याआधीच झालेला असतो.